चाळीस ग्लास लिंबू सरबत, सोलापूरच्या गच्चीसाठी

मे महिन्यात सोलापुरात माणसं बोलवायची तर संध्याकाळी सातनंतर आणि गच्चीवर. दिवसा पारा ४२-४३ ला टेकलेला असतो आणि स्लॅब रात्री नऊपर्यंत तव्यासारखा राहतो. तरी खोलीपेक्षा गच्ची बरी, निदान वारा लागतो. पाहुणे धापा टाकत जिना चढून येतात आणि खुर्चीत बसायच्या आधी पाणी मागतात. चहा विचारला तर हो म्हणतात, पण तो भिडस्तपणा. मनातून हवं असतं ते गार, आंबट, जरासं खारट काहीतरी.

लिंबू सरबत सगळ्यांनाच येतं. एका तांब्यापुरतं. पण पंचवीस माणसांसाठी करायचं, त्यात एखादं फळ आणि एखादा सुगंधी पाला घालायचा, आणि शेवटच्या ग्लासाची चव पहिल्यासारखीच ठेवायची म्हटलं की हात अडखळतो. माझाही अडखळला होता, म्हणून आधी ती फजिती सांगतो.

चुलत बहिणीचं केळवण होतं. सरबताचं काम मी अंगावर घेतलं. संध्याकाळी धांदल नको म्हणून सकाळी नऊलाच सगळं उरकलं. लिंबं पिळली, शेवटचा थेंब निघेपर्यंत पिळली. पुदिन्याची अख्खी जुडी काड्यांसकट मिक्सरला लावली, कलिंगडाच्या फोडी बियांसकट त्यातच फिरवल्या, साखर ओतली, आणि शोभा म्हणून हे सगळं आजीच्या पितळी घागरीत भरून ठेवलं. संध्याकाळी झाकण काढलं तर रंग उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा. आत्याने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "काय रे, सरबत म्हणून काढा पाजायलास का?" सुदैव एवढंच की दुसरा घोट कुणी घेतला नाही, कारण पितळेत आंबट ठेवणं नुसतं चवीला वाईट नाही, पोटालाही वाईट. लिंबाच्या आम्लाने तांब्याचा अंश सरबतात उतरतो.

तेव्हापासून मी एकच पद्धत पाळतो. पाक वेगळा, लिंबाचा रस वेगळा, फळाचा रस वेगळा, पाला वेगळा. सगळं आदल्या रात्रीपासून टप्प्याटप्प्याने तयार ठेवायचं आणि पाहुण्यांच्या चपला जिन्यात वाजू लागल्या की एकत्र करायचं. जुळवायला पाच मिनिटं लागतात.

किती लागेल

पंचवीस माणसं धरली तर चाळीस ग्लास लागतात. काही जण एकावर थांबतात, मुलं तीन-तीन पितात, सरासरी दीडच्या वर जाते. ग्लास २०० मिलीचा धरला तर ८ लिटर सरबत. त्याचा हिशेब असा:

लिंबं ४० (रस साधारण ७०० मिली)
साखर ८०० ग्रॅम आणि पाकासाठी पाणी ८०० मिली
कलिंगड साडेतीन किलोचं एक (रस दीड लिटरच्या थोडा वर)
पुदिना एक मोठी जुडी
सब्जा ३ मोठे चमचे
मीठ ३ सपाट चहाचे चमचे, काळं मीठ १
गार पाणी ३ लिटर
बर्फ दीड किलो

लक्षात ठेवायला याहून सोपं सूत्र म्हणजे ग्लासामागे एक लिंबू आणि २० ग्रॅम साखर. फळ न घालता साधं सरबत करणार असाल तर साखर २५ ग्रॅम धरा. माणसं कमी-जास्त झाली की त्या पटीत बदला. बर्फ वितळून जे पाणी होतं ते या ८ लिटरमध्ये धरलेलं आहे. नवखे लोक ते विसरतात आणि पाणी आधीच पूर्ण ओततात. मग तिसऱ्या ग्लासापासून सरबत फिकं लागतं.

बाजारहाट

लिंबं उन्हाळ्यात महाग का, हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच. एप्रिल-मेमध्ये जे लिंबू येतं ते हस्त बहाराचं, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्याचं. झाडाला फुलोरा यायला त्याआधी पाण्याचा ताण बसावा लागतो, आणि त्याच दिवसांत वरून पाऊस पडत असतो. ताण नीट बसत नाही, फळ कमी धरतं आणि नेमकं मागणी असते तेव्हा लिंबू दहाला दोन होतं. पावसाळ्यात तेच लिंबू कुणी विचारत नाही. म्हणून मी पावसाळ्यात शे-दीडशे लिंबं पिळून रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो आणि खडे पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाकतो. वास थोडा उतरतो, आंबटपणा टिकतो. उन्हाळ्यात अर्धा रस ताजा आणि अर्धा त्यातला घेतला तर कुणाला पत्ता लागत नाही.

लक्ष्मी मंडईत किंवा कोपऱ्यावरच्या गाडीवर, कुठेही घ्या, पण हात लावून घ्या. कागदी लिंबू पातळ सालीचं, पिवळसर आणि दाबल्यावर किंचित दबणारं हवं. हिरवंगार, कडक आणि खडबडीत सालीचं लिंबू दिसायला ताजं असतं, रसाला कंजूस. आकारापेक्षा वजन बघा. दोन सारख्याच लिंबांत जे जड, त्यात रस.

कलिंगड निवडताना लोक टिचकी मारतात. मीही मारतो, पण खरं सांगायचं तर त्यातलं मला फारसं कळत नाही. मी पोटाखालचा डाग बघतो. जमिनीला टेकलेली ती जागा गडद पिवळी असली तर फळ वेलावर पिकलेलं, पांढरी असली तर घाईने तोडलेलं.

पुदिना घेताना पानं करकरीत हवीत, खालून काळी पडलेली नकोत. आणि एक जुडी जास्तच घ्या. धुऊन, निवडून तिची निम्मी होते.

आदली रात्र

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे बाहेरून आलेल्यांना आठवडाभरात कळतं. त्यामुळे प्यायच्या पाण्याचा विचार आधी करायचा. साठवलेलं पाणी असेल तर ते उकळून, गाळून, गार करून माठात भरा. जार मागवणार असाल तर तो आदल्या दिवशी येईल असं बघा, ऐन वेळी सगळी गल्लीच जार मागवत असते. माठात वाळ्याची एक छोटी जुडी स्वच्छ धुऊन सोडली तर पाण्याला जो वास येतो त्यावर मी वेगळा लेख लिहू शकेन. पण वाळा घातला तर पुदिना कमी करा, दोघं एकमेकांच्या अंगावर धावतात.

पाक करायचा. तार वगैरे काही बघायची नाही. साखर आणि पाणी मंद आचेवर ठेवून साखर विरघळली की एक उकळी, की बंद. वर मळी आली तर चमचाभर दूध घाला, ती गोळा होऊन वर येते, झाऱ्याने काढून पाक गाळून घ्या. पाकच का, साखर का नाही? कारण गार पाण्यात साखर लवकर विरघळत नाही. तुम्ही ढवळत बसता, चव घेता, गोड नाही म्हणून आणखी टाकता, आणि तासाभराने तळाची साखर विरघळली की सरबत घशाला चिकटतं.

पाक विस्तवावरून उतरवला की त्यात पाल्याचा पहिला वास द्यायची संधी असते. गवती चहाची चार-पाच पानं गाठ मारून गरम पाकात टाका, झाकण ठेवा, अर्ध्या तासाने काढा. किंवा बोटभर आलं ठेचून टाका. दोन-तीन लिंबांच्या सालीचा वरचा पिवळा-हिरवा पापुद्रा किसणीवर अगदी हलक्या हाताने किसून टाकला तर आणखी उत्तम. लिंबाचा वास रसात कमी आणि त्या पापुद्र्यातल्या तेलात जास्त असतो. पांढरा भाग लागला की थांबा, तो कडू. तिन्ही एकदम घालायचा मोह मात्र आवरा.

बर्फही रात्रीच लावायचा. ट्रेमधले छोटे खडे पटकन वितळतात, म्हणून स्टीलच्या लहान डब्यांत किंवा वाट्यांत पाणी गोठवा. मोठा गोळा हळू वितळतो. विकतचा आणणार असाल तर खाण्याचा बर्फ म्हणून मागून घ्या. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, तेव्हा निळसर दिसला तर सरळ परत करा. आणि विकतचा बर्फ पांढराशुभ्र असला तरी तो मी भांड्याच्या बाहेर गार करायला वापरतो, आत घरचाच.

लिंबं पिळणं

सगळ्या कृतीत कौशल्याचं काम हेच, बाकी सगळी हमाली आहे.

लिंबं फ्रीजमधून काढून तासभर बाहेर ठेवा. गार लिंबू रस सोडत नाही. मग एकेक लिंबू ओट्यावर तळहाताखाली दाबून दहा-बारा वेळा फिरवा. आतल्या फोडी मोकळ्या होतात आणि हाताला ते जाणवतं. आधी कडक लागणारं लिंबू एकदम मऊ पडतं. कापताना देठ आणि टोक यांच्या मधून आडवं कापा, म्हणजे सगळ्या फोडी तोंडावर येतात. बिया सुरीच्या टोकाने काढून टाका. कंटाळवाणं काम आहे, पण मुलांना द्या, ती भांडत भांडत करतात.

आता पिळा आणि थांबायला शिका. पहिल्या दोन-तीन दाबांत चांगला रस येतो. त्यानंतर जोर लावून जे काढता त्यात सालीचा आणि पांढऱ्या भागाचा कडूपणा असतो. लिंबाच्या बियांत आणि त्या पांढऱ्या भागात लिमोनिन नावाचा कडू घटक असतो, आणि गंमत अशी की रस काढल्या काढल्या तो फारसा जाणवत नाही, रस तसाच राहिला की हळूहळू चढतो. त्या केळवणाच्या सरबताची सकाळची आणि संध्याकाळची चव वेगळी होती ती यामुळे. म्हणून लिंबं शक्यतो पाहुणे यायच्या दोन तास आधी पिळा, लगेच गाळा, आणि काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. भांडं काचेचं किंवा स्टीलचं. ॲल्युमिनियमचं पातेलं, तांबं, पितळ, काही नको.

चाळीस लिंबं हाताने पिळली तर बोटं चुरचुरतात. आणि त्याच हाताने नंतर मिरच्या चिरायच्या असतील तर देव तुमचं भलं करो.

फळ

कलिंगडाचा रस काढायला मिक्सर लागत नाही. फोडी पातेल्यात घालून रवीने किंवा पावभाजीच्या मॅशरने दाबा, पिठाच्या नव्हे पण मोठ्या भोकाच्या चाळणीतून गाळा. मिक्सर लावायचाच असेल तर बिया काढा आणि दोन सेकंदांवर जाऊ नका. जास्त फिरवलं की फेस होतो आणि बिया भरडल्या जाऊन रसाला मातकट चव येते. हा रस सगळ्यांत नाजूक, उन्हाळ्यात बाहेर राहिला तर लवकर आंबतो. काढायचा शेवटी, ठेवायचा फ्रीजमध्ये. दोन वाट्या फोडी बारीक चिरून फ्रीजरमध्ये टाका, त्या ग्लासात बर्फासारख्या तरंगतात आणि वितळल्या तरी सरबत पातळ होत नाही.

कलिंगडाऐवजी डाळिंब घ्यावं असं कुणालाही सोलापुरात वाटणारच. सांगोल्याकडून येणारा भगवा जातीचा दाणा, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं फळ, २००५ मध्ये स्थापन झालेलं डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही आपल्याच केगावात. हस्त बहाराचं डाळिंब उन्हाळ्यात बाजारात असतं. फक्त दाणे मिक्सरला लावू नका. दाण्याच्या आतली बी फुटली की रस तुरट होतो. दाणे मलमलच्या फडक्यात बांधून पिळा, किंवा चाळणीत घालून वाटीच्या बुडाने दाबा. लिंबाच्या आम्लात डाळिंबाचा लाल रंग आणखी उजळतो, बरणीत ओतताना ते बघण्यासारखं असतं. खर्च मात्र कलिंगडाच्या कितीतरी पट, म्हणून मी अर्धी वाटी दाणे वरून सोडतो आणि रस कलिंगडाचाच ठेवतो.

द्राक्षं एप्रिलपर्यंत चांगली मिळतात. सोनाका ही जात तर शेजारच्या नान्नजचीच. द्राक्षं आधीच गोड, साखर निम्मी करा. मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून दोनदा धुवा, मग फडक्यातून दाबून रस काढा. कैरी घेणार असाल तर उकडून गर घ्या आणि लिंबं निम्मी करा, पण तेव्हा ते पन्ह्याकडे झुकतं, आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला जे पन्हं मिळतं त्याच्याशी बरोबरी करायला जाऊ नये. आंबा, केळी, पपई नको. त्यांचा गर जाड, लिंबाशी त्यांचं जमत नाही आणि ग्लासाच्या तळाशी चिखल राहतो.

पाला

पुदिना तीन पाण्यांनी धुवा. पहिल्या पाण्याच्या तळाशी जी माती बसते ती बघितली की तिसऱ्या पाण्याचं महत्त्व कळतं. पानं खुडा, काड्या फेका. आणि वाटू नका. वाटलं की पानातला हिरवा, कडसर रस सगळा बाहेर येतो आणि हवा लागून काळपट होतो. पानं तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने एक टाळी द्या, किंवा खलबत्त्यात दोन हलके ठोके. वास पानाच्या पृष्ठभागावरच असतो, तो तेवढ्याने सुटतो. टाळी दिलेली पानं मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी करा. ती सरबतात सोडायची, वीस मिनिटांनी काढायची. दातात पान अडकत नाही आणि रंग स्वच्छ राहतो.

तुळस घातली तर आठ-दहा पानंच, ती लवकर औषधाकडे जाते. सब्जाचा पाला मिळाला तर तो पुदिन्याहून छान. फुलवाल्यांकडे गुलाबाच्या शेजारी त्याच्या काड्या कधी कधी असतात, पण त्या पूजेसाठी ठेवलेल्या, त्यामुळे ओळखीच्या कुंडीतलाच घ्या. सब्जाचं बी मात्र किराणा दुकानात हमखास. तीन चमचे बी चार वाट्या पाण्यात भिजवा, वीस मिनिटांत फुगून बेडकाच्या अंड्यांसारखं दिसतं. मुलांना हे वर्णन करून सांगू नका, किंवा सांगाच, प्रत्येक घर वेगळं. बी पूर्ण फुगल्याशिवाय कुणाला देऊ नये, कोरडं बी घशात अडकतं. आणि भिजवायला वापरलेलं पाणी वरच्या ३ लिटरमधून वजा करा.

जुळवणी

दहा लिटरचं नळाचं स्टीलचं पिंप असलं तर उत्तम, नसलं तर मोठं पातेलं आणि ओगराळं. सगळं सरबत एकदम जुळवू नका. आधी वीस ग्लासांचं, ते संपत आलं की पुढचं. म्हणजे दुसरी खेपही ताजीच.

पहिल्यांदा पाक आणि लिंबाचा रस, त्यात साधं मीठ. ढवळा आणि चमचाभर चाखा. जीभ आखडावी इतकं तीव्र लागलं पाहिजे. मग गार पाणी, मग फळाचा रस, मग पुरचुंडी आणि सब्जा. काळं मीठ सगळ्यांत शेवटी, कारण त्याची सगळी मजा वासात आणि तो उडून जातो. बर्फ पिंपात टाकू नका, ग्लासात टाका.

शेवटची चव बर्फ घातलेल्या ग्लासातून घ्यायची. पातेल्यातून चमच्याने नाही. गार झालं की जिभेला गोडी कमी कळते, त्यामुळे कोमट असताना बरोबर वाटलेलं सरबत ग्लासात अळणी-आंबट लागतं. आंबट वाटलं तर पाक वाढवा, गोड झालं तर लिंबू. आंबट-गोड दोन्ही बरोबर आहे आणि तरी काहीतरी कमी वाटतंय, असं झालं तर ते मीठ असतं, नव्वद टक्के वेळा. कडू झालं तर उपाय नाही. साखर टाकून कडूपणा झाकायला गेलात तर ते गोड आणि कडू होतं.

शेजारी राहणाऱ्या अक्कांचं घर तेलुगू. रामनवमीला त्यांच्याकडून आमच्याकडे पानकम् येतं. गूळ, सुंठ, मिरे, वेलदोडा, थोडं लिंबू आणि तुळशीचं एखादं पान. त्यांचं बघून मी एकदा साखरेऐवजी गुळाचा पाक केला, चिमूटभर सुंठ आणि चार मिरे ठेचून टाकले, फळ घातलं नाही. रंग चहासारखा होतो, त्यामुळे नवखा पाहुणा बिचकतो. पण शेंगाचटणी आणि कडक भाकरी समोर असेल तर त्या तिखटावर याच्यासारखं दुसरं काही नाही. गूळ गाळून घ्या, खडे निघतात.

घरात मधुमेह किंवा रक्तदाबाची माणसं असतील तर त्यांच्यासाठी पाक आणि साधं मीठ न घालता तांब्याभर वेगळं जुळवा. पाक वेगळा ठेवण्याचा हा आणखी एक फायदा. त्यात पुदिना आणि काळ्या मिठाचं नावापुरतं चिमूट, डाळिंबाचे चार दाणे. वेगळा ग्लास दिला म्हणून कुणी ओशाळत नाही, उलट ते सरबत दिसायला जास्त चांगलं असतं.

गच्चीवर गार कसं ठेवायचं

पिंप फ्रीजमध्ये मावत नाही, आणि बर्फ आत टाकायचा नाही असं मी सांगून बसलोय. मग? टॉवेल. सोलापूरकराच्या घरात टॉवेलची टंचाई असायचं कारण नाही. जाडसर टेरी टॉवेल पाण्यात बुचकळून पिंपाभोवती गुंडाळा, त्याचं खालचं टोक परातीतल्या पाण्यात राहू द्या, आणि पिंप वारा लागेल असं पाटावर ठेवा. आपली हवा मेमध्ये कोरडी, टॉवेलमधलं पाणी भराभर उडतं आणि जाताना पिंपाची उष्णता घेऊन जातं. माठ ज्या कारणाने पाणी गार करतो तेच कारण. मुंबईच्या दमट हवेत हा प्रयोग करून माझा मेव्हणा माझ्यावर हसला होता, तेव्हा तिकडच्या वाचकांनी बर्फाची परातच वापरावी. पिंप कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंत रात्री आठलाही गरम असते.

ग्लासही गार हवेत. स्टीलचे पेले फ्रीजमध्ये तासभर उलटे ठेवा. हातात घेतल्या घेतल्या बाहेरून घाम फुटतो, आणि पाहुण्याने तो पेला कपाळाला लावला की तुमचं काम झालं. काचेचे ग्लास रंगासाठी चांगले, पण गच्चीवर मुलं धावत असताना मला त्यांचा भरवसा वाटत नाही.

पहिला घोट देताना प्रत्येक ग्लासात सब्जा येईल असं ढवळून भरा, ते बी तळाशी बसतं आणि शेवटच्या माणसाला नुसती खीर मिळते.

जुळवलेलं सरबत उरलं तर त्याच रात्री संपवा किंवा सोडून द्या, दुसऱ्या दिवशी ठेवू नका. न जुळवलेला पाक मात्र फ्रीजमध्ये आठवडाभर आरामात राहतो, आणि लिंबाचा रस गोठवून टाका.

पिळलेल्या लिंबांच्या ऐंशी साली उरतात. त्या फेकू नका. मिठात बुडवून तांब्या-पितळेवर घासल्या की भांडी लखलखतात, लगेच धुऊन कोरडी केली की झालं. आजीची ती घागर आम्ही दर उन्हाळ्यात त्याच सालींनी घासतो. गच्चीवर ती अजूनही पिंपाच्या शेजारीच असते, मोगऱ्याच्या फुलांनी भरलेली. आत्या आली की आधी घागरीत डोकावते आणि मगच ग्लास हातात घेते.